जाधवबाईंचं रगत

जाधवबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. ओळख करून घेत एकेका खोलीत डोकावत होतो. लॅबच्या दारात उभा राहून नमस्कार म्हणालो. बाई उठल्या, जवळ आल्या, पापणी ओढली, "बराबर हाय" म्हणाल्या आणि मग विचारलं, "कोण तुमी?"

पुढची अकरा वर्षं मी त्यांना हेच करताना बघितलं. माणूस कोण, कुठला, कशाला आला हे नंतर. आधी पापणी. आतला भाग लाल असला की त्यांचा चेहरा सैल पडायचा. पांढरट दिसला, म्हणजे अंगात रक्त कमी, की समोरच्याची सुटका नसायची. आठवडी बाजारात भाजीवालीच्या टोपलीपुढं उकिडवं बसून त्यांनी भाव करता करता तिची पापणी ओढलेली मी पाहिली आहे. ती भाजीवाली घाबरून मागं सरकली, तर बाई म्हणाल्या, उद्या दवाखान्यात ये, मी लॅबमधली हाय. आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच आली.

विमल जाधव हे त्यांचं नाव, पण त्या नावानं हाक मारणारं दवाखान्यात कोणी नव्हतं. शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळे जाधवबाईच म्हणत. चण अगदी बारीक. लॅबच्या खुर्चीवर दोन उशा घेतल्याशिवाय त्यांचा डोळा मायक्रोस्कोपला पोचायचा नाही. केस घट्ट बांधलेले, साडीला खांद्याशी पिन, डाव्या मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ. आवाज मात्र त्या अंगाच्या मानानं मोठा होता. तो बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत यायचा.

त्यांच्या कामाचे काही नियम होते आणि ते कोणासाठीही बदलत नसत. रक्त घ्यायच्या आधी त्या पेशंटला म्हणायच्या, "नाव सांगा तुमचं. तुमच्याच तोंडानं." सोबतच्यानं सांगितलेलं नाव चालायचं नाही. कागदावरचं तर नाहीच. रक्तगट जुळवताना लॅबचं दार आतून बंद. कोणी घाई केली तर एकच उत्तर यायचं, "अंदाजानं भाजी घ्या, रगत न्हाई."

एकदा या नियमापायी फार कठीण प्रसंग आला. बाळंत झालेल्या एका बाईला रक्तस्राव थांबत नव्हता. आमच्याकडं रक्ताच्या चार-पाच पिशव्या साठवून ठेवायची सोय होती. नमुना लॅबमध्ये आला तो बाईंनी हातात घेतला आणि ठेवून दिला. बाटलीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर नेहमीच्या सिस्टरचं नव्हतं. त्याच वॉर्डात त्याच गावची, त्याच नावाची दुसरी एक बाई होती हे त्यांना सकाळच्या तपासण्यांवरून माहीत होतं. बाई स्वतः वर गेल्या. पेशंट ग्लानीत होती, नाव सांगू शकत नव्हती. तिचा नवरा, सासरा ओरडायला लागले. डॉक्टर म्हणाले, बाई, वेळ नाही. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. तिच्या दंडातून नवीन रक्त घेतलं, खाली आल्या, दार लावलं. पंचवीस मिनिटं गेली. पहिला नमुना खरोखर दुसऱ्या बाईचा निघाला, गट वेगळा होता. बरोबर पिशवी चढली आणि ती बाई वाचली.

सगळ्यांनी कौतुक केलं. अधीक्षकांनी स्टाफसमोर शाबासकी दिली. मी लॅबमध्ये गेलो तेव्हा बाई सिंकपाशी उभ्या होत्या आणि नळ सोडून नुसत्याच हात पाण्याखाली धरून होत्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही तिला वाचवलंत. त्या म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठी बराबर निघाली असती तर? मग त्या पंचवीस मिनिटांत मीच तिला मारलं असतं की." त्यानंतर कित्येक दिवस त्या प्रसंगाचं नाव काढलं की बाई उठून दुसरं काम शोधायच्या.

दुसरी एक गोष्ट मी अनेकांना सांगतो. मानवतकडची एक सासू आपल्या गरोदर सुनेला घेऊन आली होती. सुनेचं हिमोग्लोबिन सहा निघालं. सासू म्हणाली, गोळ्या द्या, आमी जातो, घरी सोयाबीन काढायलंय. बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि तिचंच रक्त काढलं. सासू कुरकुरत होती, मला काय झालंय म्हणून. तिचं सात निघालं. बाईंनी दोघींना शेजारी बसवून विचारलं की घरात शेवटी कोण जेवतं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सासू हळू आवाजात म्हणाली की आधी आपण दोघी मिळूनच शेवटी जेवायचो, आता सून दोन जिवांची म्हणून आपण तिच्याही मागून जेवतो. बाई काही रागावल्या नाहीत. त्यांनी दोघींना माझ्या खिडकीशी आणलं आणि मला म्हणाल्या, या दोघींच्या गोळ्या एकाच पुडीत बांधा, म्हंजे एकीनं घेतल्या की दुसरीला आठवण होईल.

या बाई सगळ्या गावाला पालेभाज्या खायला सांगायच्या आणि स्वतःच्या डब्यात मात्र पालेभाजी क्वचितच असायची. कोणीतरी त्यावरून थट्टा केली होती. मला कारण नंतर कळलं. लॅब शांत असली की तिथं एक बारीक टिकटिक ऐकू यायची. सुरुवातीला मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ. पण भिंतीवर घड्याळच नव्हतं. एकदा मी त्यांच्या उलट्या घड्याळाकडं बघतोय हे पाहून त्या हसल्या आणि छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, हिकडं हाय ते.

लहानपणी त्यांचा घसा सारखा धरायचा, मग ताप येऊन सांधे सुजायचे. घरच्यांनी वाढीचं दुखणं समजून सोडून दिलं. त्या तापानं हृदयाची एक झडप आखडून गेली होती. एकोणतिसाव्या वर्षी ती काढून तिच्या जागी धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि त्या गोळीमुळं पालेभाजी कमी-जास्त झालेली चालत नसे. गोळीमुळंच डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका असं सांगितलं होतं. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. अबोल माणूस. त्यांच्या आईनं दुसरं लग्न कर म्हणून दोन वर्षं धोशा लावला होता, तेव्हा सरांनी आईच्या घरापासून आणि शाळेपासूनही दूर, आमच्या गावात बिऱ्हाड केलं आणि रोज सायकलवर चौदा किलोमीटर जाऊन येऊ लागले. एवढंच त्यांचं उत्तर. ही हकीकत मला बाईंनी नाही, सरांच्या एका सहकाऱ्यानं सांगितली.

आमच्या कर्मचाऱ्यांची दरवर्षी तपासणी व्हायची. रक्ताची तपासणी अर्थात बाईच करायच्या. फायली लावायचं काम एका वर्षी माझ्याकडं आलं, म्हणून मागचे कागद चाळले. बाईंच्या नावापुढं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट चार. आदल्या वर्षीही अकरा पॉइंट चार. त्याच्या आदल्या वर्षीही. सहा वर्षं तोच आकडा. शिकाऊ मुलीनं एकदा दोन पेशंटना सारखाच आकडा लिहिला होता तेव्हा याच बाईंनी तिला दिवसभर पुन्हा तपासण्या करायला लावल्या होत्या. आणि गेल्या काही महिन्यांत त्यांचे ओठ फिके दिसत होते, जिन्याच्या मधल्या पायरीवर त्या थांबत होत्या, हे आम्ही सगळेच बघत होतो. त्या इतरांच्या पापण्या ओढत राहिल्या म्हणून त्यांची पापणी ओढून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं.

ओपीडी संपल्यावर मी फाईल घेऊन लॅबमध्ये गेलो. काही विचारलं नाही, नुसतं पान उघडून ठेवलं. बाईंनी बघितलं. मग खुर्चीवरच्या दोन उशांपैकी एक काढून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बसा हितं. बघा."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्यांनीच मला पूर्वी शिकवलं होतं, म्हणून निरोगी रक्त कसं दिसतं हे माहीत होतं. गोल गोल पेशी, नाणी पसरल्यासारख्या. इथं त्यांच्यात कितीतरी पेशी फुटलेल्या होत्या. काही अर्ध्या, काहींना शिंगासारखी टोकं.

"कोणाचं आहे?" मी विचारलं.

"माझं. झडपेच्या कडेनं गळायलंय. त्या फटीतून रगत जोरात जातं अन् फुटतं. दोन-अडीच वर्षं झाली असतील. त्याच्या आधी नुसतं कमी होतं, आता फुटायलंय."

हिमोग्लोबिन साडेसात होतं. मी म्हणालो, बाई, आजच्या आज डॉक्टरांना सांगायला पाहिजे. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग टेबलावर हात पसरून त्या एकेक बोट दुमडत मोजायला लागल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पेशंटला अहवाल समजावून सांगतात तसा. "सांगितलं की झडप बदलायचं ऑपरेशन. त्यात रगत कशानं जास्त लागतं ते मोजा. बाईमाणूस, हे एक. वजन एक्केचाळीस, हे दोन. रगत साडेसात. छाती आधी एकदा उघडलेली, आतलं सगळं चिकटलेलं, ते सोडवतानाच किती जाईल. अन् वरून ही गोळी. पाच झाली का? ऑपरेशनात हृदयाच्या मशीनवर घेतात तवा नळ्यांमधी पाणी भरलेलं असतं. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला त्यानं फरक पडत न्हाई. माझ्या अंगात आधीच इवलंसं रगत, ते ताकावानी पातळ होतंय. मला रगत लागणारच. किती लागंल एवढंच इचारायचं राहतंय."

मी म्हणालो, लागलं तर देतील. तुम्हीच सगळ्यांना सांगता की रक्त घ्यायला घाबरू नका.

तेव्हा त्यांनी पहिल्या ऑपरेशनचं सांगितलं. आठ पिशव्या दिल्या होत्या. सहावी का सातवी चालू असताना छाती पाण्यानं भरल्यासारखी झाली. हात पलंगाला बांधलेले, तोंडात नळी. ओरडता येत नव्हतं. श्वास आत येत नव्हता, आणि छतावरचा पंखा फिरताना दिसत होता. पाच दिवस त्या श्वासाच्या मशीनवर होत्या. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की रक्त चढवल्यानं काही जणांना असं होतं, क्वचित होतं. बाई म्हणाल्या, "मी लोकांना खोटं सांगत न्हाई, भाऊ. रगतानं माणूस वाचतो हे मी रोज बघते. पण मला परत त्या पलंगावर जायचं न्हाई. सहा वर्षं आकडा लिहिताना दर वेळी वाटायचं, पुढच्या वर्षी खरा लिहू."

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की सरांना यातलं काही कळता कामा नये. मी वचन दिलं. हे मी आज जितक्या सहज लिहितोय तितक्या सहज दिलं नव्हतं, पण दिलं. आणि दोन महिने पाळलं. रोज त्या खिडकीवरून जाताना मला मान हलवून पुढं जायच्या आणि मी गोळ्या मोजत राहायचो. त्या दोन महिन्यांचा हिशेब मला अजूनही लावता येत नाही.

मग एक दिवस सकाळी कामानिमित्त मानवतला गेलो होतो, तिथल्या बसस्टँडवर मी त्यांना एसटीत चढताना पाहिलं. पायरीवर एक पाय ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. मागच्या बायकांनी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. त्या संध्याकाळी मी सरांच्या शाळेत गेलो. पोरं घरी गेली होती. सर वर्ग झाडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, खिशातून रुमाल काढून हात पुसले, खूप वेळ पुसले. मग म्हणाले, "मला वाटायचं ती माझ्यावर नाराज हाय. बोलायचीच न्हाई हल्ली. म्हणून मी पण इचारलं न्हाई."

बाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी औषधांच्या खिडकीत एक चिठ्ठी सरकली. आमच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली, लोहाच्या इंजेक्शनांची आणि फोलिक ॲसिडची. वर बाईंचा चेहरा. "घ्या," त्या म्हणाल्या, "आता तुमचंच काम वाढलं."

ऑपरेशनआधी रक्त वाढवायचं ठरलं, आणि पुढचे तीन महिने बाईंनी स्वतःवर असे उपचार केले की जणू पेशंट दुसरीच कोणी होती. दर आठवड्याला स्वतःचं रक्त, पण तपासणी शिकाऊ मुलीनं करायची, त्यांनी बघायचंही नाही. आठ झालं. साडेआठला अडकलं. एकीकडं तयार होत होतं आणि दुसरीकडं झडपेपाशी फुटत होतं. शेवटी नऊ पॉइंट दोन झालं. ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून त्यांची फाईल मागून घेतली. सहा वर्षांच्या सहा कागदांवर अकरा पॉइंट चारवर रेघ मारून खरे आकडे लिहिले. ते त्यांना पाठ होते. प्रत्येक कागदाखाली लिहिलं, आधीचा आकडा खोटा आहे, मी लिहिला होता, आणि सही केली. अधीक्षक म्हणाले, आता याची काय गरज होती? बाई म्हणाल्या, गरज आधी होती, उशीर झाला.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात सर्जननी पुन्हा तीच कारणं बोटांवर मोजली, फक्त इंग्रजीत. बाई ऐकत होत्या आणि मधून मधून मान डोलवत होत्या, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर येतंय असं बघणाऱ्या परीक्षकासारख्या. पण एक गोष्ट अशी निघाली की जी बाईंच्या बोटांवर नव्हती. तिथल्या रक्तपेढीतून निरोप आला की गट जुळतोय तरी रक्त जुळत नाही. एक पिशवी नाही, दोन नाही, सातही पिशव्या जुळल्या नव्हत्या. पेढीच्या डॉक्टर स्वतः वर आल्या. त्यांनी सांगितलं की बावीस वर्षांपूर्वी जे परकं रक्त अंगात गेलं होतं, त्यातल्या कोणाची तरी ओळख यांच्या रक्तानं ठेवली आहे. आता ती खूण ज्या ज्या रक्तात असेल त्याच्यावर हे रक्त तुटून पडेल. ती खूण नसलेले देणारे शोधावे लागतील. ऑपरेशन पुढं गेलं.

सर बोरी गावाच्या पलीकडच्या त्यांच्या गावाला गेले. दुसऱ्या दिवशी मी एक क्रूझर गाडी ठरवून तिथं पोचलो तर पारावर रक्तगट जुळणारी चौदा माणसं तयार उभी होती. पेढीत चौदा जणांचे नमुने घेतले. दोघांचे जुळले. बाकीचे बारा बाकावर बसून होते. त्यातले एक म्हातारे, बाईंच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, त्यांना ही गोष्ट फार लागली. वय जास्त म्हणून त्यांना तसंही घेतलं नसतं, पण ते हट्टानं आले होते. ते तडक वरच्या वॉर्डात बाईंच्या पलंगापाशी गेले आणि म्हणाले, "सूनबाई, आमचं रगत काय खराब हाय का?"

बाईंनी डोक्यावरून पदर घेतला. म्हणाल्या, "तुमचं खराब न्हाई, मामाजी. माझाच मानपान वाढलाय."

म्हातारे हसले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी बाईंच्या पायावरची चादर नीट केली. त्या घरात सुनेच्या पायाशी सासऱ्यानं हात नेलेला कोणी पाहिला नसावा. बाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं. ज्या बारा जणांचं जुळलं नव्हतं त्यांतल्या अकरा जणांनी तिथं आलोच आहोत तर दुसऱ्या कोणाला होईल म्हणून रक्त दिलं आणि मग परतीच्या गाडीत बसले. आणखी देणारे पेढीनं आपल्या यादीतून फोन करून मिळवले. ते कोण होते हे आम्हाला कधीच कळलं नाही.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. सर खालच्या मजल्यावरच्या एका खुर्चीत बसून होते आणि मांडीवरची पिशवी त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही. सर्जन बाहेर आले तेव्हा दमलेले दिसत होते. झडप बसली होती. आतलं चिकटलेलं सोडवताना बराच रक्तस्राव झाला होता. नऊ पॉइंट दोन होतं म्हणून निभावलं, ते म्हणाले, तीन महिने थांबून तुम्ही चांगलंच केलंत. मग म्हणाले, सहा वर्षांपूर्वी, रक्त कमी व्हायला लागलं तेव्हाच आल्या असत्या तर हृदय इतकं थकलेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. तोंडातली नळी अजून होती. हात या वेळी बांधलेले नव्हते. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हिचे हात बांधू नका, एवढी मेहरबानी करा. एक सिस्टर पाळीपाळीनं हात धरून बसत होती. बाईंनी आम्हाला ओळखलं. सरांच्या तळव्यावर बोटानं काहीतरी लिहिलं. सरांना कळेना. पुन्हा लिहिलं. "किती." सर म्हणाले, तीन दिवस झाले. बाईंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं आणि माझ्याकडं बघितलं. पिशव्या सहा लागल्या होत्या; मी सहा बोटं दाखवली. त्या माझ्या बोटांकडं बघत राहिल्या. मग डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं वाहिलं. ते सुटल्याचं होतं की भीतीचं, मला कळलं नाही.

छाती या वेळी भरली नाही. पण मूत्रपिंडं दोन दिवस बसली आणि नंतर पूर्ण कधीच सावरली नाहीत. ते रक्तानं झालं, मशीननं झालं की इतकी वर्षं थकलेल्या हृदयानं झालं, असं सरांनी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, रक्त दिलं नसतं तर त्या टेबलावरून उठल्या नसत्या. त्यापुढचं आपल्याला नेमकं सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. सरांनी पुन्हा विचारलं नाही. मी मात्र अजून मनातल्या मनात विचारत असतो, आणि त्या यादीत माझे दोन महिने घालावेत की नाही हेही ठरत नाही.

बाई चार महिन्यांनी कामावर आल्या. पण उभं राहणं जमेना. पाय सुजायचे. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं सरांच्या गावाला राहायला गेली. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली. बाईंनी शिकाऊ मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाल्या की हिच्या हाताखाली माझा आकडा कधी खोटा आला नाही, हिला इथंच ठेवा. त्या मुलीची बदली पुढच्याच महिन्यात झाली.

बाई वारल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्या आधीच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. सर जिंतूरला कामासाठी गेले होते. बाई शेतातल्या घरापुढं खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. चेहरा सुजला होता, त्यामुळं उलट तब्येत बरी दिसत होती. दवाखान्यातल्या एकेकाची त्यांनी चौकशी केली. नवीन मशीन आलंय हे ऐकून विचारलं, की ते लावायच्या आधी कोणी जुन्या मशीनशी आकडे ताडून बघितले का. मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, उद्या जाऊन विचारा. मी विचारतो म्हणालो.

निघालो तेव्हा त्या मला सोडायला डांबरी रस्त्यापर्यंत आल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. पायवाट दोन-तीनशे पावलांची असेल. हरभरा फुलावर होता, काही ठिकाणी घाटे धरलेले. पहिल्या बांधावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे बघा, हितं मर लागलीय, झाडं वाळायलीत. मी बघितलं. पुढं तुरीच्या ओळीपाशी पुन्हा थांबल्या, शेंगा हातात घेऊन म्हणाल्या, यंदा अळी कमी हाय. मी म्हणालो, कमीच दिसते. रस्ता दहा पावलांवर असताना त्या तिसऱ्यांदा थांबल्या. तिथं दाखवायला काही नव्हतं, नुसती मोकळी जमीन होती. त्या जमिनीकडं बघत राहिल्या, मीही बघत राहिलो. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हितं काहीतरी लावायला पाहिजे." मी म्हणालो, "हो. लावा."

एसटी आली. मी चढलो. मागच्या काचेतून बघितलं तर त्या हात वर करून उभ्या होत्या. गाडी जरा पुढं गेल्यावर, आता आपण दिसत नसू असं वाटून, त्या रस्त्याच्या कडेला मुरमावर बसल्या. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई मागून येत होती. ती त्यांच्यापाशी थांबली. काही बोलली असावी. मग तिनं पेंढी खाली ठेवली आणि तीही त्यांच्या शेजारी बसली. गाडी वळली तोपर्यंत दोघींपैकी कोणीही उठलं नव्हतं.